कॉफीच्या बागेत नुसत्या निंबोळी अर्कावर आणि करंज तेलावर कीड आटोक्यात राहते का?

तुम्ही लिहिलंय की कोडगूतल्या (कर्नाटकातल्या कूर्गमधल्या) बागेत अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन्ही जाती आहेत, कोवळ्या फांद्यांवर हिरवी खवले कीड आणि पिठ्या ढेकूण आहे, अरेबिकाची काही झाडं पिवळी पडून वाळतायत, आणि रासायनिक औषधं पूर्ण बंद करायची आहेत. माझं उत्तर असं, की कीड झाडाच्या बाहेर बसलेली असेल तर भागतं. ती आत शिरली असेल तर कुठलाही अर्क तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आधी बाहेरच्या किडींचं बघू, कारण अर्काचा खरा उपयोग तिथेच आहे.

१०० लिटर फवाऱ्यासाठी ५ किलो निंबोळीचा गर लागतो. टरफलासकट बी घेतलं तर वजन साधारण दुप्पट धरा. बी सावलीत वाळवलेलं आणि त्याच हंगामातलं हवं, बुरशी धरलेलं किंवा वर्षापूर्वीचं नको. कोडगूच्या पावसात कडुनिंब फारसा होत नाही, त्यामुळे मैसूरकडच्या कोरड्या भागातून बी आणावं लागतं आणि तिथेच जुना माल गळ्यात पडतो. (चिखलदऱ्याच्या कॉफीवाल्यांना ही अडचण नाही, खाली परतवाडा-अचलपूरकडे उतरलं की निंबच निंब.) गराची भरड करा, फार बारीक दळू नका, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. भरड फडक्यात बांधून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पुन्हापुन्हा बुडवून पिळा, दुधी पाणी यायचं थांबेपर्यंत. मग वस्त्रगाळ करून १०० लिटर भरा. २०० ग्रॅम साधा साबण वेगळा विरघळवून फवारणीच्या तोंडावर मिसळा. तयार अर्क त्याच दिवशी संपवायचा.

बी मिळालं नाही तर निंबोळी किंवा करंज तेल, लिटरला ५ मिली. यात फसगत होते ती मिसळताना. तेल आधी बादलीभर कोमट साबणपाण्यात घोटा, पांढरं दूध व्हायला हवं आणि वर तवंग दिसता कामा नये. तवंग राहिला तर पंप तळातून ओढतो, म्हणून पहिल्या झाडांना नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या झाडांवर जवळजवळ निव्वळ तेल पडून कोवळी पानं करपतात. बाजारातलं तयार औषध घेतलंत तर डब्यावर पीपीएम वाचा, म्हणजे अझाडिरेक्टिन या निंबातल्या कीडनाशक घटकाचं प्रमाण. ३००, १५०० आणि १०,००० पीपीएमच्या मात्रा एक नाहीत. लेबलावर असेल तीच धरा.

फवारणी चारनंतर करा. अझाडिरेक्टिन उन्हात लवकर विघटित होतं. नोझल खालून वर धरा, कारण खवले पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेला चिकटून बसतात. पिठ्या ढेकूण फळांच्या घोसात खोल असतो, तिथे दाब जास्त लागतो. त्याच्या मेणाचा थर साबणाने सुटतो, म्हणून साबण वगळू नका. अंडी या फवाऱ्याने मरत नाहीत, त्यामुळे १० ते १५ दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन "काही झालंच नाही" म्हणू नका. हे औषध किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, परिणाम आठवड्याने दिसतो. मेलेले खवलेही पानालाच चिकटून राहतात. टाचणीने एखादा उचकटून बघा. जिवंत असेल तर फिकट हिरवा, पाठीतून काळसर नागमोडी रेघ दिसणारा, आणि टोचला की रस येतो. मेलेला तपकिरी आणि कोरडा.

आणि मुंग्या. खवले आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. बुंध्याजवळची वारुळं तशीच ठेवून फवारलंत तर महिन्याभरात कीड परत. मुळांवरच्या पिठ्या ढेकणाला पानांवरचा फवारा लागतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता आत शिरणाऱ्या किडी. पिवळी पडलेली अरेबिका बहुतेक पांढऱ्या खोडकिड्याची. खोडावर सालीखाली उंचवटे लागतात का, हात फिरवून बघा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात भुंगे उडतात आणि सालीच्या भेगांत अंडी घालतात. अळी लाकडात गेली की बोगदा मागून भुशाने घट्ट बुजवते. अशी झाडं उडणीच्या आधी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरात शोधून उपटा आणि जाळा. उरलेल्या झाडांची सुटी साल घासून काढा आणि खोडाला १० टक्के चुना द्या (२०० लिटर पाण्यात २० किलो). इथे मी निंबापेक्षा चुन्यावर भरवसा ठेवेन. उघड्या उन्हात हा भुंगा माजतो, म्हणून सावलीची झाडं तोडू नका. रोबस्टाला त्याची धास्ती नाही.

बेरी बोरर, म्हणजे कॉफीचं फळ पोखरणारा बारीक भुंगा, त्याचंही तसंच. मादी फळाच्या टोकाकडून भोक पाडते आणि बी पुरेसं घट्ट होईपर्यंत दारातच थांबते. अर्क लागू शकला असता तो तेवढाच काळ, आणि तेव्हा कोडगूत धो धो पाऊस. त्यामुळे तोडणीला खाली चटया अंथरा, झाडावरची आणि जमिनीवरची उरलेली फळं वेचा, किडकी फळं दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवा. सापळे लावा, पण फक्त सापळ्यांवर विसंबू नका.

बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) निंबोळी अर्क कधीच मिसळू नका, चुन्याच्या अल्कलीत तो निकामी होतो. बोर्डो आणि अर्क यांच्या फवारण्यांत आठवडाभर अंतर ठेवा. फुलोऱ्यात तर काहीच मारू नका, रोबस्टाला परागीभवनासाठी मधमाश्या हव्यात. तोडणीच्या तोंडावर तेल टाळा, फळांना वास राहतो.

तंबाखूचा काढा कुणी सुचवला तर नको म्हणा. निकोटिन कातडीतून अंगात भिनतं, ओल्या कपड्यांनी फवारणाऱ्याला चक्कर आणि उलट्या होतात. शिवाय पिठ्या ढेकूण फस्त करणारे ढालकिडेही त्यात मरतात.