'केजन'चं नातं काजूशी नाही, खाजणाशी आहे

प्रश्न असा आला आहे: "हॉटेलांत 'काजुन पनीर', 'काजुन बटाटा' मिळतो. यात काजू असतो का? हा फ्रेंच मसाला आहे का? आणि हा शब्द मराठीत कसा लिहावा?"

काजू नसतो. 'काजुन' हा उच्चारही चूक आहे. परवाच एका उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हेच विचारलं, तर वाढप्याने "हो, काजूची पेस्ट असते," असं ठामपणे सांगितलं. हे मी तिसऱ्यांदा ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं की यावर सविस्तर लिहायचं. मसाल्याचं थोडक्यात सांगतो: तिखट, लसूण, मिरपूड वगैरेंची ती पूड म्हणजे बाजारी सोय. मूळ स्वयंपाकाचा पाया कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची हा आहे. 'मालवणी' म्हटलं की आपल्याला मालवण आठवतं. 'केजन' म्हटल्यावरही माणसंच आठवायला हवीत, कारण ते एका लोकसमूहाचं नाव आहे.

आता शब्दाकडे वळतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकच्या भागात, १६०४ पासून फ्रेंच लोक वस्ती करू लागले. त्या मुलखाला ते 'अकादी' म्हणत आणि तिथल्या रहिवाशाला 'अकाद्याँ'. या 'अकाद्याँ'चं पुढे 'काद्याँ' झालं, 'काद्याँ'चं 'काज्याँ' आणि इंग्रजी तोंडी 'केजन'. मराठी माणसाला यात काहीच अवघड वाटायला नको. आधीचा 'अ' गळाला, जसा 'अरण्या'चा गळून 'रान' उरलं आणि 'अरघट्टा'चा गळून 'रहाट' उरला. मग 'द्य'चा 'ज' झाला. 'विद्युत्'ची 'वीज' झाली, 'अद्य'चं 'आज' झालं, 'वाद्यते'चं 'वाजे' झालं, त्याच वाटेने. प्राकृतातून मराठीकडे येताना आपल्या शब्दांनी जी दोन वळणं घेतली, तीच या शब्दाने अटलांटिकपार घेतली. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

इंग्रजी कोश याला 'अकेडियनचा अपभ्रंश' म्हणून मोकळे होतात आणि दोष इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेला देतात. हे मला मुळीच मान्य नाही. 'द्य'चा 'ज' करण्याची सवय अकादी फ्रेंचचीच आहे. देवाला पॅरिसचा माणूस 'द्य' म्हणतो, अकादी शेतकरी 'ज्य' म्हणतो. शब्द घरातच बदलला, इंग्रजांनी फक्त पहिला स्वर फिरवला आणि स्पेलिंग दिलं. आणि 'अपभ्रंश' म्हणजे बिघाड असं मानायचं, तर 'वीज' आणि 'आज' हेही बिघाडच ठरतील.

'अकादी' हे नाव कुठून आलं, यावर माझं मत बहुतेक अभ्यासकांहून वेगळं आहे. ते सांगतात की १५२४ मध्ये व्हेराझानो या इटालियन दर्यावर्द्याने किनाऱ्याच्या एका रम्य पट्ट्याला ग्रीकांच्या आर्केडियाचं नाव दिलं, नकाशांवर ते उत्तरेकडे सरकत गेलं आणि त्यातला 'र' वाटेत पडला. ठीक. पण 'र' पडला कशामुळे? त्या किनाऱ्यावरच्या मूळच्या मिगमॉ लोकांच्या भाषेत '-अकादी' हा शेवट म्हणजे 'जिथे अमुक विपुल मिळतं ती जागा'. शुबेनाकादी म्हणजे जिथे खाण्याजोगे कंद विपुल आहेत ती जागा. अशी गावं आजूबाजूला असताना नकाशावरचं परकं नाव स्थानिक नावाच्या साच्यात बसलं, हे मला सरळ दिसतं. १६०३ च्या राजाज्ञेत तर 'ला कादी' असं लिहिलेलं आहे. 'ला' हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी नामाआधी येतोच, त्यामुळे 'लाकादी' ऐकणाऱ्याने ते 'ला कादी' असं तोडावं की 'ल अकादी' असं? म्हणजे आरंभीचा 'अ' पहिल्या दिवसापासून डळमळीत होता. नुसतं 'आर्केडिया' लिहून थांबणारे कोश मिगमॉ लोकांची भाषा ऐकायचीच नाही असं ठरवून बसले आहेत.

आता खाजण, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली जमीन. हे अकादी लोक शेती कुठे करत? नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक यांच्या मधल्या फंडीच्या उपसागराकाठी. तिथली भरती जगातली सर्वांत उंच, काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत. त्यांनी खाऱ्या दलदलीला मातीचे बांध घातले आणि बांधाच्या तळाशी लाकडी नळ बसवला, ज्याला एकाच बाजूने उघडणारी झडप. ओहोटीला आतलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर जाई, भरतीला समुद्राचं पाणीच ती बंद करी. पावसाने दोन-तीन वर्षांत मीठ धुऊन निघालं की जमीन पिकाला तयार. या रचनेला ते 'अबोआतो' म्हणत. गोव्यात खाजणाच्या बांधाला 'मानस' असते, रायगडच्या खारपट्ट्यात 'उघाडी' असते, ती नेमकी हीच. 'खाजण' आणि 'केजन' यांतलं ध्वनिसाम्य योगायोगाचं आहे, व्युत्पत्ती म्हणून ते कुणी पुढे पाठवू नये. पण केजन लोकांचे पूर्वज खाजणकरी होते, हे शंभर टक्के खरं.

आणि त्या जमिनीवरूनच त्यांना उठवलं गेलं. १७१३ च्या युट्रेक्ट तहात हा मुलूख ब्रिटनकडे गेला. ब्रिटिशांना निष्ठेची बिनशर्त शपथ हवी होती. अकादी लोक म्हणत, शपथ घेतो, पण फ्रान्सविरुद्ध शस्त्र धरणार नाही. अखेर ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये पुरुषांना आणि मुलांना बोलावून हद्दपारीचा हुकूम वाचून दाखवला. १७६३ पर्यंत दहा हजारांच्या आसपास माणसं जहाजांत भरून मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहतींत आणि पुढे फ्रान्सलाही पाठवून मुद्दाम पांगवली गेली. पुष्कळ रोगराईत गेली, काही जहाजांसकट बुडाली. १७५९ च्या वादळात बांध फुटले, तेव्हा नव्या मालकांना ते दुरुस्त करता येईनात. मग मागे राहिलेल्या अकादी कैद्यांनाच त्या कामाला लावलं. आपल्याच शेताचा बांध, आणि त्यावर आपण कैदी.

याला अकादी लोक 'ग्राँ देराँज्माँ' म्हणतात, म्हणजे मोठी विसकटाविसकट. मराठीत 'परागंदा' हा शब्द मला इथे सर्वांत चपखल वाटतो. फारसीत त्याचा अर्थच 'विखुरलेला'.

काही कुटुंबं १७६५ च्या सुमारास आजच्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानात पोहोचली. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी आणखी सुमारे १,६०० जण आले. तेच केजन. बाकीच्यांतले पुष्कळ हळूहळू उत्तरेत परतले आणि त्यांनी नाव राखलं अकादी. म्हणून "फ्रेंच का?" या प्रश्नाला "भाषेने हो, राष्ट्राने नाही" असंच उत्तर द्यावं लागतं. उत्तरेतल्या अकादींना क्यूबेकी, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांताचे, म्हणणारेही चुकतात. १८८१ मध्ये मेमरामकूकच्या अधिवेशनात त्यांच्यापुढे प्रश्न होता: क्यूबेकचा २४ जूनचा सण आपला राष्ट्रीय दिवस मानायचा का? त्यांनी नाही म्हटलं आणि १५ ऑगस्ट निवडला. भाषा एक, धर्म एक, पण १७५५ क्यूबेकच्या वाट्याला आलं नव्हतं. तीन वर्षांनी मिस्कूशच्या अधिवेशनात झेंडाही ठरला: फ्रान्सचा तिरंगा आणि निळ्या पट्ट्यावर सोनेरी तारा.

लुइझियानात उलटं घडलं. तिथे १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या, 'केजन' ही शिवी झाली. १९८० मध्ये एका केजन कर्मचाऱ्याचा दावा तिथल्या संघीय न्यायालयात आला. मालक कंपनीचं म्हणणं, अकादी हे कधी स्वतंत्र राष्ट्र नव्हतंच, मग 'राष्ट्रीय मूळ' म्हणून कायद्याचं संरक्षण कसलं? न्यायालयाने ते फेटाळलं आणि केजनांना ते संरक्षण लागू केलं. राज्य नसलं तरी राष्ट्र असू शकतं, हे 'महाराष्ट्र' शब्द उच्चारणाऱ्याला वेगळं समजावावं लागू नये.

लेखनाचं राहिलं. 'केजन' लिहा. 'के' दीर्घ आणि ठसठशीत, 'ज' मात्र 'काजळा'तला नव्हे, 'जय'मधला.