जंतांच्या प्रथिनापासून आमवातावर औषध, आणि तोवर जंताची गोळी

तुम्ही विचारलंय: "आईला बऱ्याच वर्षांपासून आमवात आहे. जंतांच्या प्रथिनांपासून त्यावर औषध निघतंय असं वाचलं. हे खरं का? मग तिला जंताची गोळी देणं थांबवावं का?"

गोळी थांबवू नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचं वाचायला वेळ लागेल.

मी परभणीत जनावरांच्या परजीवींवर काम करतो. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण ते अजून आईच्या सांध्यांपर्यंत पोचलेलं नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पाण्यातून पोटात गेलेला हा किडा अंगात वर्षभर वाढायचा, दीड-दोन हात लांब व्हायचा आणि पायावर फोड येईपर्यंत माणसाला पत्ता नसायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण मला त्यातली एक गोष्ट अजून थक्क करते: साधा बाभळीचा काटा रुतला तर दोन दिवसांत पू धरतो, आणि एवढा मोठा जीव अंगात फिरतो तरी शरीर गप्प! जंत हे करू शकतात, कारण ते सतत प्रथिनं सोडून आपल्या प्रतिकारशक्तीला शांत करत असतात. आमवातात हीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठलेली असते. म्हणून संशोधकांना ती प्रथिनं हवी आहेत.

ती शोधणं म्हणजे चाळणीचं काम. उंदराच्या आतड्यात हेलिग्मोसोमॉइडिस नावाचा जंत असतो. तो प्रयोगशाळेत द्रवात जिवंत ठेवला की त्या द्रवात त्याची शेकडो प्रथिनं उतरतात. आकारानुसार त्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गट पेशींवर घालून बघायचा आणि कोणत्या गटाने भडकलेल्या पेशी निवतात ते टिपायचं. मग त्या गटात नेमकं कोण आहे ते ओळखायचं, त्याचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून तेच एक प्रथिन शुद्ध बनवायचं आणि पुन्हा तपासायचं. अशा रीतीने सापडलेल्या एका प्रथिनाची माहिती २०१७ साली प्रसिद्ध झाली. आपल्या शरीरात टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन प्रतिकारशक्तीला आवर घालतं. जंताचं प्रथिन तेच काम करतं, पण दोघांच्या रचनेत काही साम्य नाही. नुसती जनुकं जुळवून पाहिली असती तर ते कधीच सापडलं नसतं. ते दिल्यावर उंदरांमध्ये परकी त्वचा नाकारली जायला जास्त दिवस लागले.

आमवाताच्या जवळचं उदाहरण म्हणजे ईएस-६२. हे उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या फायलेरिया जंताचं प्रथिन. त्याने उंदरांमधला कृत्रिम आमवात कमी झाला. पण ते आकाराने मोठं, आणि परकं प्रथिन म्हणून शरीर त्याच्याच विरोधात उठू शकतं. म्हणून त्याच्या कामाच्या भागासारखे छोटे रेणू बनवून उंदरांवर तपासले गेले.

"मग सरळ जंतच का देऊ नयेत?" तेही करून झालंय. आतड्याच्या क्रोन्स आजारात रुग्णांना डुकराच्या जंताची अंडी पाजली. २००५ सालच्या छोट्या प्रयोगात आशा वाटली; पुढच्या मोठ्या चाचण्यांत मात्र ती तुलनेसाठी दिलेल्या, औषधच नसलेल्या नकली मात्रेपेक्षा सरस ठरली नाहीत. मला वाटतं, प्रथिनांचाच रस्ता बरोबर आहे, कारण त्याची मात्रा ठरवता येते आणि ते अंगात पिल्लं घालत नाही. पण यातलं एकही प्रथिन आज औषध म्हणून मंजूर नाही. त्यामुळे आईची डॉक्टरांनी दिलेली औषधं चालूच राहू द्या.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आई शेतात अनवाणी वावरते का? स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीतून आत शिरतो आणि वर्षानुवर्षे काही लक्षण न दाखवता राहतो. अशा माणसाला आमवातासाठी स्टेरॉइड सुरू झालं, तर तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकतो. नेहमीच्या जंताच्या (अल्बेंडाझोलच्या) एका गोळीने तो जातोच असं नाही, आणि एकदा विष्ठा तपासून सापडेलच असंही नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तिचं अनवाणी चालणं त्यांच्या कानावर घाला, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील तर तो कागद सोबत न्या.