कॅन्सरची गोळी आणि चढलेली साखर

प्रश्न : आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरलाय. रिपोर्टमध्ये ‘पीआयके३सीए, एच१०४७आर’ असं लिहिलंय. अल्पेलिसिब सुरू केल्यावर दहा दिवसांत उपाशीपोटीची साखर ९६ वरून २१० झाली. डायबिटीस कधीच नव्हता. गोळी बंद करावी का? आणि हा दोष आम्हा मुलींतही असेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मनाने बंद करू नका, पण ऑन्कॉलॉजिस्टना आजच फोन करा.

पेशीच्या आवरणात पिप-२ नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. पीआय३ काइनेज हे एन्झाइम (रिपोर्टमधला पीआयके३सीए हा त्याचाच जीन) त्याच्यावर एक फॉस्फेट चिकटवतं, की झाला पिप-३. ही खुंटीच समजा. एकेटी नावाचं प्रथिन तिला येऊन अडकतं, जागं होतं आणि ‘वाढ, मरू नकोस’ असा निरोप पुढे धाडतं. पीटेन हे दुसरं एन्झाइम तो फॉस्फेट काढून खुंटी उपटतं. एच१०४७आर म्हणजे १०४७व्या जागी हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन. एवढ्याशा बदलाने काइनेज आवरणाला घट्ट बिलगतं आणि खुंट्या ठोकतच सुटतं.

पंचाईत अशी, की इन्सुलिनचा निरोपही याच वाटेने जातो. अल्पेलिसिब हेच काइनेज रोखते. गोळीने वाट अडवली, की स्नायू साखर ओढत नाहीत आणि यकृत ती सोडत राहतं. स्वादुपिंड मग जास्तच इन्सुलिन ओततं. उंदरांवरच्या प्रयोगांत या जादा इन्सुलिनने गाठीतला दाबलेला निरोप पुन्हा चालू केला. म्हणूनच डॉक्टर सहसा मेटफॉर्मिनपासून सुरुवात करतात आणि इन्सुलिन अडीअडचणीपुरतं ठेवतात. २१० ला बहुधा गोळीचा डोस तोच ठेवून साखरेचं औषध जोडतात. २५० च्या वर गेली तर गोळी थांबवतात. १६० पर्यंत उतरली की कमी मात्रेत पुन्हा देतात.

नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० च्या दोन गोळ्या, रोज एकाच वेळी, जेवणानंतर लगेच. उलटी झाली तरी त्या दिवशी पुन्हा घ्यायची नाही. घसा कोरडा पडणं, सारखी लघवी, मळमळ, जोरजोरात श्वास असं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

गाठीतला हा बदल आईच्या आयुष्यात, त्या पेशींतच झालेला असतो. तो मुलींकडे येत नाही. बीआरसीए या जीनमधल्या, आईकडून मुलींत येऊ शकणाऱ्या दोषाचा प्रश्न मात्र निराळा. त्यासाठी आईच्या रक्ताची स्वतंत्र तपासणी लागते, ती झालीय का ते विचारून घ्या.