क्लच सैल ठेवला तर न्यूट्रल लागत नाही, ओढला तर घसरतो

प्रश्न : माझ्याकडे २०१२ सालची हिरो इम्पल्स मोटरसायकल आहे, सेकंडहँड घेतलेली. सुट्टीच्या दिवशी आजऱ्याहून आंबोलीच्या बाजूला कच्च्या वाटांवर नेतो. गाडी तापली की न्यूट्रल लागत नाही, क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे ओढते. म्हणून लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने वायर ओढून घेतली, तर आता चढावर नुसती रेस वाढते, गाडी चढत नाही. मेकॅनिक क्लच प्लेटा बदला म्हणतो. बदलू का?
– एक वाचक, आजरा

उत्तर : आधी गाडी नीट बघू या, प्लेटांचं नंतर. तुम्ही दोन उलट तक्रारी सांगितल्यात. क्लच पूर्ण सुटत नाही म्हणून न्यूट्रल लागत नाही, आणि पूर्ण धरत नाही म्हणून चढावर घसरतो. वायर ओढून पहिली तक्रार झाकली की दुसरी उघडी पडते. याचा अर्थ तुमच्या बोटांनी दिलेली ओढ मधेच कुठेतरी खाल्ली जातेय. ती कुठे जाते ते शोधायचं.

इंजिन थंड असताना सुरुवात करा, आणि खालून करा. वरचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून एक-दोन आटे बाहेर ठेवा. इंजिनाजवळच्या ब्रॅकेटवर वायरला दोन नट असतात, मुख्य ॲडजस्टमेंट तिथे. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा प्ले, म्हणजे वायरला ओढ लागण्याआधीची सैल हालचाल, येईल असं ते बसवा आणि लॉकनट आवळा. वरचा ॲडजस्टर फक्त बारीक फरकासाठी, वाटेत हाताने फिरवता यावा म्हणून. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून प्ले पुन्हा बघा. वळवल्यावर प्ले बदलला तर वायर चुकीच्या मार्गाने नेलीय किंवा कुठे तरी अडकतेय.

आता खरी तपासणी. कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि तुम्ही इंजिनापाशी बसा. वायर ज्या आर्मला अडकते त्याच्याकडे बघा. प्ले संपल्यावर लिव्हर सरकते त्या क्षणी आर्म हलायला हवा. तो उशिरा हलत असेल तर दोष वर आहे. लिव्हरचा पिव्होट बोल्ट काढून भोक बघा. जुन्या गाडीत ते अंडाकृती होतं आणि तिथेच काही मिलिमीटर जातात. मग वायरचं आवरण बघा. लिव्हर दाबताना आवरणच कमानीसारखं वाकत असेल, किंवा सायलेन्सरजवळ प्लास्टिक वितळून आतली गुंडाळी दिसत असेल, तर ती वायर कितीही ॲडजस्ट केली तरी साथ देणार नाही. तिच्या टोकाच्या गोळीजवळ एक-दोन तारा तुटल्या असतील तर त्याच दिवशी बदला. घाटात तुटली तर गाडी ढकलावी लागेल. नवी वायर घालाल तेव्हा जुनी चांगल्या अवस्थेत असेल तर ती टाकून देऊ नका, गुंडाळून टूलकिटमध्ये ठेवा. कंपनीने बनवणं बंद केलेल्या गाडीचा पार्ट हवा तेव्हा मिळेलच असं नाही.

आर्म वेळेवर हलतोय, पूर्ण हलतोय, तरी गाडी ओढतेय? मग कव्हर उघडा. क्लच हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्या वाटीत बसतात तिच्या, बोटांवर नखाने चाचपून बघा. प्लेटांचे कान तिथे आदळून खाचा पडतात, आणि दाबल्यावर प्लेटा त्या खाचांत अडकून राहतात. खाच उथळ असेल तर बारीक कानशीने सपाट करता येते. खोल असेल तर हाउसिंग बदलण्याला पर्याय नाही. नुसत्या प्लेटा घालून तक्रार काही दिवसांत परत येते, आणि इथेच गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात याचा मला मनापासून राग येतो. स्टील प्लेटा एकेक करून जाड काचेवर ठेवा, निळ्या पडल्या असतील किंवा डुलत असतील तर त्या गेल्या. नव्या क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्ये भिजवूनच बसवा, आणि स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, जोर चालत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : ऑइल कोणतं घालता? डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असायला हवं, ती ऑइलात बुडालेल्या म्हणजे ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण. मोटारीचं इंधन वाचवणारं ऑइल ओल्या क्लचला निसरडं पडतं. बरेच दिवस घसरत्या क्लचवर घाट चढवला असेल तर ऑइल काढून वास घ्या. करपट वास आला, तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे, प्लेटा घाला. पण वायर आणि हाउसिंग तपासल्याशिवाय कव्हर बंद करू देऊ नका.

प्रश्न : यामाहा आरएक्स-१०० ला डर्ट टायर घालून मैदानात चालवतो. टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल चांगल्यातलं घालतो, तरी क्लच जड आणि चिकट. का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : टूटी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, ते क्लचपर्यंत पोचतच नाही. क्लच गिअरबॉक्सच्या वेगळ्या ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि टू-स्ट्रोकवाले नेमकं तेच बदलायचं विसरतात. खालचा ड्रेन बोल्ट काढून बघा. काळं, घट्ट किंवा दुधाळ निघालं तर ताबडतोब बदला. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय, मग सील आणि ब्रीदरची, म्हणजे गिअरबॉक्सची हवा जाण्याची, नळीही बघा. त्याबरोबर वायर काढून तेल सोडा, वरून ओतलेलं तेल खालून टपकेपर्यंत. पडल्यावर लिव्हर तुटत असेल तर तिचा क्लॅम्प हँडलवर जरा हलका आवळा, म्हणजे धक्क्याला तो फिरेल आणि लिव्हर वाचेल.