आधी वही, मग तार

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझी बाई म्हणून (ऱ्हस्व-दीर्घाचं तू अजूनही काही मनावर घेतलेलं नाहीस), आणि एकदा त्याच दुखण्यातून गेलेली बाई म्हणून. मूत्राशयाच्या दुखण्यासाठी पाठीत तार आणि बॅटरी बसवतात त्या मशीनबद्दल, 'तुम्ही बसवलंय, मग मीही हो म्हणू का?' असं विचारलं आहेस. माझ्या पाठीवरून तुझ्या पाठीचा निर्णय घेऊ नकोस. विचार कुठून सुरू करायचा, तेवढं सांगते.

आपल्याकडे लघवीला जळजळ म्हटली की घरातलं प्रत्येक माणूस वैद्य होतं. उन्हाळी लागली असेल, सब्जा घे, धणे-जिऱ्याचं पाणी पी. मी चार वर्षं प्यायले. जोडीला दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स, कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू नसतानाही. शाळेत दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत धावायचं, संडासाला कडी नाही म्हणून दाराशी एक मुलगी उभी करायची. एकदा तूही उभी होतीस, आठवतं का बघ. दुखणं निम्म्या शाळेला ठाऊक होतं, त्याचं नाव मात्र कुणालाच नाही. मूत्राशय भरत आलं की ओटीपोटात कळ, रिकामं झालं की जरा सुटल्यासारखं, आणि पुन्हा तेच. याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात, जुनं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस, हे मला फार उशिरा कळलं.

मशीनआधी मला तुलाच दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुर्बिणीतून मूत्राशय आतून कुणी पाहिलंय का? काहींच्या आत हनरचे व्रण असतात. अमेरिकेतल्या गाय हनर नावाच्या डॉक्टरांनी शंभरएक वर्षांपूर्वी त्यांचं वर्णन केलं. ते असतील तर तिथेच जाळून किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन पुष्कळ आराम पडतो, तारेपर्यंत जावंच लागतं असं नाही. दुसरं, लघवीची टीबीसाठी तपासणी झाली आहे का? लघवीत पू-पेशी आहेत पण साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, असं असेल तर आपल्या देशात हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बसलेले असतील तर त्यांच्यासाठी वेगळी फिजिओथेरपी असते, ती सैल सोडायला शिकवते. मोबाइलवर बघून किगलचे व्यायाम करत असशील तर आजच थांबव. ते स्नायू आणखी आवळायला शिकवतात, आपल्याला नेमकं उलटं हवंय. रात्रीची अॅमिट्रिप्टिलिनची बारीक गोळी 'डिप्रेशनची आहे' म्हणून तू बंद केलीस, हे मला मुळीच आवडलं नाही. तीच गोळी कमी मात्रेत मज्जातंतूंच्या दुखण्यावर देतात. या आजारावरची पेन्टोसानची गोळी चालू असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घे. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत पडद्याला इजा झाल्याचं २०१८पासून समोर आलं आहे.

आता मशीन. माकडहाडाच्या वर जे त्रिकोणी हाड असतं, त्याच्या तिसऱ्या छिद्रातून एक बारीक तार नसेजवळ सरकवतात आणि कुल्ल्याच्या वरच्या भागात, कातडीखाली, बॅटरी ठेवतात. बारीक विजेचे ठोके त्या नसेला मिळत राहतात आणि मूत्राशय व मेंदू यांच्यातला निरोप बदलतो. मूत्राशय तेच राहतं, त्याचा आरडाओरडा कमी होतो. नीट लक्षात घे, औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने १९९७ आणि १९९९मध्ये याला मान्यता दिली ती लघवी न थोपवता येणं, वारंवार आणि घाईने लागणं, आणि अडथळा नसताना तुंबणं यांसाठी. दुखण्यासाठी नाही. आपल्या आजारात बाकीचं करून झाल्यावर डॉक्टर ते वापरतात, काहींचं दुखणंही उतरतं. पण तुला दिवसातून वीस वेळा जावं लागतं ते जास्त छळतं की कळ जास्त छळते, हे तुला स्वतःला सांगता आलं पाहिजे. निव्वळ कळच असेल तर अपेक्षा बेताची ठेव.

या उपचाराची एक गोष्ट मला फार आवडते. आधी चाचणी, मग मशीन. मला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी, जागा बधिर केली. सुई आत गेली आणि डॉक्टर विचारत राहिले, 'कुठे जाणवतंय?' एकाएकी पायाचा अंगठा आपोआप वळला. मी हसले, तर म्हणाले, 'हलू नका, हाच हवा होता.' मग आठवडाभर तार पाठीला चिकटपट्टीने बांधलेली, ठोके देणारी, काड्यापेटीहून थोडी मोठी डबी परकराच्या नाडीला खोचलेली. अंघोळ नाही, वाकायचं नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं.

आणि वही. चाचणीच्या आधीचा आठवडा आणि चाचणीचा आठवडा, शंभर पानी वहीत प्रत्येक वेळ, मापाच्या मगमध्ये किती मिलिलिटर, आणि दुखणं दहापैकी किती. आधी दिवसाला माझ्या बावीस खेपा व्हायच्या, त्या आठवड्यात अकरा-बारा. रात्री सलग तीन तास झोप. दुखणं आठावरून पाचावर. निम्म्याने फरक पडला तर पुढे जायचं असा सर्वसाधारण नियम आहे. माझ्याच वॉर्डातल्या एकीच्या वहीत काहीच हललं नाही. तिची तार काढली, विषय संपला. वही नसती तर तिने पाच-सहा लाख घालवले असते, कारण त्या आठवड्यात 'बरं वाटतंय' असं ती सगळ्यांना सांगत होती.

माझा त्रासही लपवत नाही. दीड वर्षाने तार सरकली, पुन्हा टेबलावर जावं लागलं. बॅटरीची जागा आधी कमरेच्या नाडीखाली आली होती, साडी नेसली की टोचायची. म्हणून तू कुठल्या कुशीवर झोपतेस आणि पँट कुठे बांधतेस, ते डॉक्टरांना आधीच दाखव. चार्जिंगची बॅटरी की बिनचार्जिंगची, किती वर्षं टिकते, एमआरआय चालतो का, हे कागदावर लिहून माग. विम्याच्या कंपनीकडून लेखी होकार आधी. मूल हवं असेल तर तेही आत्ताच बोल, गरोदरपणात मशीन सहसा बंद ठेवतात.

एक मात्र कधी विसरू नकोस. कंबर किंवा गुडघा धरला म्हणून गल्लीतल्या क्लिनिकमध्ये डायथर्मीचा, म्हणजे विजेच्या यंत्राचा, शेक घ्यायचा नाही, शरीरावर कुठेही नाही. तारेतून उष्णता उतरून नस जळू शकते. मशीन बसवल्यावर त्याचं कार्ड मिळतं, ते पाकिटात ठेव.

सासूबाईंना काय सांगायचं हा तुझा शेवटचा प्रश्न. मी सांगितलं होतं, 'पाठीत बॅटरी आहे.' त्यांनी आठवडाभर सगळ्या नातेवाइकांना फोन केले. त्यानंतर लग्नाला गेलं की माझी खुर्ची आपोआप दाराजवळ मांडलेली असायची.

रविवारी ये. येताना वही आण, निदान तीन दिवसांची भरलेली. चहा मिळणार नाही, या दुखण्यापायी मी सोडलाय आणि तूही सोडून बघ. आमच्याकडे संडास पुढच्या दारापासून सात पावलांवर आहे, विचारत बसू नकोस.

तुझ्या बाई