एकट्याने बेट फिरताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रवासविषयक पत्रांपैकी बरीच पत्रे उष्ण कटिबंधातील बेटांवर एकट्याने करावयाच्या भटकंतीविषयी असल्यामुळे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मला डोंगरात चालण्याची चांगली सवय आहे. प्रथमच एकटी बेटावर जात असून जंगलातून धबधब्यापर्यंत जाणारी पायवाट वाटाड्या न घेता चालण्याचा विचार आहे. नकाशावर जाऊन-येऊन जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर अंतर दिसते. यात अडचण येण्यासारखे काय आहे?

उत्तर : अंतर पाहून आपण निर्धास्त झालेल्या दिसता, परंतु बेटावरच्या डोंगरात चालणाऱ्याची अडवणूक प्रामुख्याने पाणी आणि अंधार या दोन गोष्टी करतात, आणि या दोहोंचा अंदाज नकाशावरील किलोमीटरवरून येत नाही.

प्रथम पाण्याविषयी. समुद्रावरून वर्षाचा बराच काळ एकाच दिशेने वाहणारे व्यापारी वारे बेटाच्या मध्यावरील डोंगरांना आदळून वर चढतात, थंड होतात आणि आपल्याजवळचा बहुतेक पाऊस त्याच अंगाला रिता करतात. पलीकडची बाजू पर्जन्यछायेत राहते. हवाई बेटसमूहातील कवाई बेटावर वायालेआले शिखराच्या परिसरात वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचा विसावा हिस्साही पुरता पडत नाही. त्यामुळे आपण उतरलेल्या किनाऱ्यावर लख्ख ऊन आहे, यावरून डोंगरमाथ्यावर काय चालले आहे हे मुळीच कळत नाही. त्यातच या बेटांवरचे उतार उभे आणि ओढ्यांची खोरी आखूड असतात, म्हणून माथ्यावर पडलेले पाणी फार लवकर खाली येऊन पोहोचते. सकाळी घोट्यापर्यंत पाणी असलेला ओढा दुपारी परतताना कमरेच्या वर गेलेला असणे, ही तेथे नवलाची गोष्ट नाही.

कवाईच्याच ना पाली किनाऱ्यावरील कलालाऊ पायवाट एका बाजूने सुमारे १८ किलोमीटरची असून पहिल्या तीन किलोमीटरांनंतर हानाकापिआई नावाचा ओढा ओलांडावा लागतो. अचानक चढलेल्या पाण्यामुळे पलीकडच्या काठावर चालणारे अडकून पडण्याचे प्रसंग तेथे अनेकदा घडलेले आहेत. पाणी गढूळ होऊ लागले, पाने आणि काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा ओढ्याचा आवाज बदलला, तर तो ओलांडू नये, मग मुक्काम अगदी समोर दिसत असला तरीही. असे पाणी जितक्या लवकर चढते, बहुधा तितक्याच लवकर, म्हणजे काही तासांत, उतरतेही. तोवर उंच जागी बसून राहणे एवढेच काम उरते. सोबतीला कोणी असले म्हणजे एकाने घाई केली तर दुसरा त्याला थोपवतो. एकट्या माणसाला थोपवणारा कोणी नसल्यामुळे असे नियम त्याने घरून निघतानाच ठरवून ठेवावे लागतात.

आता अंधाराविषयी. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ रेषेत उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांतच संपतो, आणि दाट झाडीत तर तेवढाही मिळत नाही. शिवाय दिवस वर्षभर साधारण बारा तासांचाच असतो. त्यामुळे ‘उजेड आहे तोवर चालू’ हा हिशेब येथे धोक्याचा ठरतो. सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास पायवाट संपलेली असेल, अशा बेताने माघारी फिरण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती वेळ झाली की धबधबा दिसला नसला तरी मागे वळावे. हेडलॅम्प मात्र दिवसाच्या फेरीतही पिशवीत असावा. मोबाइलची विजेरी हातात धरून निसरड्या मुळांवरून उतरणे शक्य असले तरी आधारासाठी लागणारा एक हात त्यात गुंतून पडतो.

निघताना मुक्कामाच्या ठिकाणी एक चिठ्ठी ठेवावी. ‘फिरायला जाते, संध्याकाळपर्यंत येईन’ एवढ्या मजकुराचा शोध घेणाऱ्यांना काही उपयोग होत नाही. पायवाटेचे नाव, ती कोठून सुरू होते, अंगावरील कपड्यांचा रंग, परतण्याची वेळ आणि ‘सात वाजेपर्यंत न दिसल्यास अमुक क्रमांकावर कळवावे’ ही सूचना त्यात असावी. आणि परत आल्याचे न विसरता सांगावे. गळ्यात शिट्टी अडकवावी. मिनिटाला सहा वेळा वाजवून मग मिनिटभर थांबणे, ही मदत मागण्याची डोंगरांतील रूढ खूण आहे, आणि हाक मारून घसा बसल्यानंतरही शिट्टी वाजवता येते.

वाटाड्याविषयी माझे मत असे की, खुणा केलेल्या आणि दिवसभर वर्दळ असणाऱ्या पायवाटेवर आपल्यासारख्या सवयीच्या व्यक्तीला त्याची गरज नाही. बिनखुणेच्या कड्यांवर, गुहांमध्ये आणि जागृत ज्वालामुखीच्या परिसरात मात्र त्याच्याशिवाय जाऊ नये. धबधब्याखालच्या डोहात उतरण्याचा मोह होईल, पण पायाला ओरखडा असेल तर तो आवरावा, कारण अशा गोड्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते. धारेच्या अगदी खाली उभे राहणे तर सर्वांनीच टाळावे. पाण्याबरोबर वरून दगडही येतात.

प्रश्न : मी उत्तम पोहतो. पर्यटन कंपनीच्या गर्दीत जाण्यापेक्षा पहाटे एकट्याने किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग (मुखवटा आणि श्वासनळी लावून, पृष्ठभागावर तरंगत पाण्याखालचे पाहणे) करावे असे वाटते. प्रवाळ तर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते सौम्य करण्याचे कारण मला दिसत नाही. पायवाटेवर पाय मुरगळला तर माणूस तासन् तास वाट पाहू शकतो. पाण्यात शुद्ध हरपली तर हाताशी काही मिनिटेच असतात. हवाईमध्ये पर्यटकांच्या बुडून झालेल्या मृत्यूंमध्ये स्नॉर्केलिंगचा वाटा सर्वांत मोठा आहे. तोंड पाण्यात घालून स्तब्ध तरंगणारा आणि बेशुद्ध पडलेला माणूस काठावरून सारखेच दिसतात, म्हणून नजरेच्या टप्प्यात सोबती असण्याला येथे पर्याय नाही. श्वास रोखून खोल बुडी मारण्याचा सराव तर एकट्याने मुळीच करू नये, कारण त्यात येणारी बेशुद्धी कोणतीही पूर्वसूचना न देता येते आणि ती चांगल्या पोहणाऱ्यांनाही गाठते.

आपण लिहिलेल्या ‘हाकेच्या अंतरा’विषयीही थोडे सांगितले पाहिजे. प्रवाळाच्या भिंतीवरून लाटांबरोबर आत आलेले पाणी उथळ खाजणात साठते आणि भिंतीतील एखाद्या खिंडीतून पुन्हा समुद्राकडे निघते. ओहोटीच्या वेळी त्या खिंडीपाशी ओढ सर्वांत तीव्र असते. वाळूच्या मोकळ्या किनाऱ्यावरही लाटांनी आणलेले पाणी अशाच अरुंद पट्ट्यांतून परत जाते. काठावरच्या उंचवट्यावर उभे राहून दहा-पंधरा मिनिटे पाहिले तर हा पट्टा ओळखता येतो : दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होत असताना मधला भाग गडद आणि शांत दिसतो, किंवा तेथील पाणी वाळूमुळे मळकट होऊन फेसाचे पुंजके खोल समुद्राकडे सरकत असतात. दुर्दैवाने नवख्या माणसाला पोहण्यासाठी नेमका तोच भाग सोयीचा वाटतो. या प्रवाहाचा वेग एरवी सेकंदाला अर्धा मीटर असला, तरी तो दोन मीटरपर्यंत वाढू शकतो, आणि शंभर मीटर शर्यतीतील जागतिक विक्रमवीरांचा वेगही साधारण तेवढाच असतो. अशा प्रवाहात सापडल्यास काठाच्या दिशेने झुंजत दम घालवू नये. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि ओढ कमी झाल्यावर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे.

भरती-ओहोटीचे स्थानिक वेळापत्रक अवश्य पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढउतार मोठी असते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाला ती कमी होते, हे सर्वसाधारणपणे खरे असले तरी सर्व बेटांना एकच नियम लागू होत नाही. ताहितीमध्ये भरती दररोज सुमारे मध्यान्ही आणि मध्यरात्रीच येते आणि तिची उंचीही फार थोडी असते, कारण तेथील भरतीवर चंद्राऐवजी सूर्याचे वर्चस्व आहे.

गर्दी नको असेल, तर लहान गट नेणारी आणि प्रशिक्षित मार्गदर्शक पाण्यात उतरवणारी बोट निवडावी, किंवा जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर त्याच्या कामाच्या वेळेत, त्याला सांगून आणि ओळख झालेल्या एखाद्या सोबत्याबरोबर उतरावे. जीवरक्षकाला ‘आज कोणत्या बाजूला उतरू नये?’ असे विचारावे. या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. पाठ भाजू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. त्यामुळे सनस्क्रीनही कमी लागते, आणि प्रवाळांना घातक मानलेले घटक असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊ या बेटदेशाने २०२० पासून, तर हवाईने २०२१ पासून निर्बंध घातलेले आहेत.

प्रश्न : बेटावर स्कूटर भाड्याने घेणे एकट्या प्रवाशाला सोयीचे पडेल का?

उत्तर : आपल्याकडे दुचाकीचा परवाना आणि त्या प्रकाराची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असेल, तसेच दुचाकीची रोजची सवय असेल, तरच घ्यावी. परवाना न पाहता गाडी देणारे दुकान सापडेल, पण अपघातानंतर विमा कंपनी तो पाहिल्याशिवाय राहणार नाही, आणि योग्य परवाना नसल्यास दावा सहसा नाकारला जातो. शिकण्यासाठी बेटावरचे वळणांचे, ओले आणि वाळू पसरलेले रस्ते ही जागा नव्हे.

प्रश्न : माझ्या कार्यक्रमात सकाळी स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी लावून खोल बुडी मारणे) आणि त्याच दिवशी सूर्यास्त पाहण्यासाठी गाडीने ज्वालामुखीच्या शिखरावर जाणे, असे दोन्ही बसते. दिवस वाचवण्यासाठी तसे करावे का?

उत्तर : करू नये. खोल पाण्यात अधिक दाबाखाली घेतलेल्या श्वासाबरोबर शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि पृष्ठभागावर आल्यानंतर तो हळूहळू बाहेर पडत राहतो. तो पुरता निघण्यापूर्वी कमी दाबाच्या जागी गेल्यास त्याचे बुडबुडे बनून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही उद्भवू शकते. विमान प्रवासाविषयीची सूचना बहुतेकांना ठाऊक असते : साध्या एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. हवाईतील माऊई बेटावरील हालेआकाला शिखर ३,०५५ मीटर उंच असून किनाऱ्यावरून मोटारीने दोन-अडीच तासांत तेथे पोहोचता येते, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. प्रवासी विमानाच्या केबिनमधील दाब साधारणतः २,४०० मीटर उंचीइतका किंवा त्याहून अधिकच ठेवलेला असतो. म्हणजे ही मोटार आपल्याला विमानापेक्षाही ‘उंच’ नेते.

म्हणून सहलीचा क्रम आधी डोंगर आणि मग समुद्र असा लावावा, आणि परतीच्या विमानाआधीचा दिवस पूर्ण कोरडा ठेवावा. एकट्या प्रवाशाने हे अधिक काटेकोरपणे पाळावे, कारण या विकाराची सुरुवात थकवा, बधिरपणा किंवा गोंधळलेपणा अशा लक्षणांनी होऊ शकते आणि ती बऱ्याचदा स्वतःपेक्षा शेजारच्यालाच आधी जाणवतात. डायव्हिंगचा अंतर्भाव असलेला विमा घेताना तो किती खोलीपर्यंत लागू आहे, हेही वाचून घ्यावे.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. साहसाची हौस नाही, पण एकटीने बेट पाहण्याची आहे. जेथे एकटे असणे अवघड वाटणार नाही, अशी काही स्थळे सुचवाल का?

उत्तर : आपल्यासाठी श्रीलंकेचे नाव सर्वप्रथम सुचते. २,२४३ मीटर उंचीच्या श्रीपाद पर्वतावर डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातील वैशाख पौर्णिमेपर्यंत यात्रेचा हंगाम असतो. त्या काळात सुमारे साडेपाच हजार पायऱ्यांच्या वाटेवर रात्रभर दिवे असतात, चहाची दुकाने उघडी असतात आणि आजीबाईंपासून तान्ह्या मुलांपर्यंत सर्वजण चढत असतात, त्यामुळे मध्यरात्रीनंतर एकटीने चढतानाही एकटे वाटत नाही. सूर्योदयाच्या वेळी पर्वताची नेमकी त्रिकोणी सावली पश्चिमेकडच्या धुक्यावर पडते. गर्दी पूर्वेकडे तोंड करून उभी असते, म्हणून आपण पाठ फिरवून तीही पाहून घ्यावी. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, म्हणून काठी न्यावी आणि उतरण्यासाठी चढण्याइतकाच वेळ राखून ठेवावा. हंगामाबाहेर दिवे आणि दुकाने बंद असतात. तेव्हा ही वाट एकटीने रात्री चढू नये.

त्याच देशातील हॉर्टन प्लेन्सच्या पठारावरची सुमारे नऊ किलोमीटरची वर्तुळाकार वाट आखीव आहे. ‘वर्ल्ड्‌स एंड’ हा तेथील कडा नऊ-दहा वाजल्यानंतर बहुधा ढगांत गुरफटून जातो, म्हणून प्रवेशद्वार उघडताच आत जावे. पठार २,१०० मीटरवर असल्यामुळे पहाटे गरम कपडे लागतात, कारण उंचीनुसार तापमान हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते.

मॉरिशसमधील ल मोर्न ब्राबां हा ५५६ मीटरचा खडकाळ डोंगर पळून आलेल्या गुलामांचा आश्रय होता आणि २००८ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. वरच्या टप्प्यात हातांनी आधार घेत खडक चढावा लागतो. तेवढे करण्याची गरज नाही. मधल्या सपाटीपर्यंतची चाल सोपी आहे, आणि तेथून खालच्या खाजणाचे निळे-हिरवे पट्टे आणि प्रवाळाच्या भिंतीवर फुटणारी पांढरी रेघ स्पष्ट दिसते. सकाळी लवकर जावे, म्हणजे परतीच्या वाटेवर वर येणारी माणसे भेटत राहतील.