लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या नव्या ऑनलाइन गेमची वाट बघत थांबू का?

तुम्ही विचारलंय की अमेझॉन लॉर्ड ऑफ द रिंग्जवर नवा एमएमओ, म्हणजे हजारो लोक एकाच जगात एकत्र खेळतात तसला ऑनलाइन गेम, काढणार असं 2023 ला वाचलं, तेव्हापासून थांबलोय, आता अजून थांबू की त्याच पुस्तकावरचा जुना लोट्रो (लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन) सुरू करू? माझं म्हणाल तर थांबू नका, आज रात्रीच लोट्रो डाउनलोडला लावा.

आधी नव्या गेमचं सांगतो. हा एकदा होऊन गेलेला प्रकार आहे. 2019 ला अमेझॉनने लेयू नावाच्या कंपनीसोबत असाच गेम जाहीर केला, मग लेयू टेन्सेंट या चिनी कंपनीने विकत घेतली आणि एप्रिल 2021 मध्ये तो गेम रद्द झाला. मे 2023 ला परत घोषणा, यावेळी एम्ब्रेसर नावाच्या कंपनीसोबत, कारण मिडल अर्थचे, म्हणजे या पुस्तकातल्या जगाचे हक्क आता त्यांच्याकडे आलेत. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अमेझॉनने मोठी नोकरकपात केली, त्यात स्वतःचे मोठे गेम, खास करून एमएमओ बनवण्याचं बरंचसं काम थांबवतोय असं सांगितलं, न्यू वर्ल्ड या त्यांच्याच एमएमओमध्ये पण नवीन काही येणार नाही म्हणून जाहीर केलं. हे सगळं बघून त्या गेमवर आस लावून बसा असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

वाट बघणं म्हणजे काय ते मला चांगलं माहितीये. लोट्रो आला एप्रिल 2007 मध्ये, मी तेव्हा कॉलेजला होतो, पुस्तकाचे तिन्ही भाग वाचून झालेले आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं. घरी 256 केबीपीएसचं कनेक्शन, महिन्याला ठराविक एमबी, रात्री 2 ते सकाळी 8 फ्री, म्हणून अलार्म लावून उठायचो आणि त्या गेमचे स्क्रीनशॉट आणि ट्रेलर उतरवून ठेवायचो. दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे भरायला कार्ड कुठलं, घरी मागायची सोय नव्हती. शेवटी 2010 ला गेम फ्री टू प्ले, म्हणजे फुकट खेळता येईल असा झाला तेव्हा कुठे आत गेलो. तीन वर्षं! आणि पहिल्यांदा शायरमध्ये, म्हणजे हॉबिट या बुटक्या लोकांच्या मुलखात उभा राहिलो, समोर ती टेकडीतली गोल दारं, तेव्हा खरंच डोळे भरून आले.

आता हा गेम मला एवढा का आवडतो ते सांगतो कारण खरा मुद्दा तोच आहे. पुस्तकावरून गेम काढायचा म्हणजे नुसती नावं आणि नकाशा उचलून चालत नाही, पुस्तकाचा स्वभाव यावा लागतो. यात बघा, तुमच्या कॅरेक्टरला हेल्थ नसते, मोराल असतं, म्हणजे हिंमत. ती संपली की तुम्ही मरत नाही, हिंमत खचून माघार घेता, आणि तुमच्यासोबतचा मिन्स्ट्रल, म्हणजे गाणारा-वाजवणारा, गाणं वाजवून ती परत वाढवतो. त्या पुस्तकात मेलेला माणूस सहसा उठून येत नाही आणि गाण्यात खरी ताकद असते, ते या लोकांनी किती बारकाईने पकडलंय. विझार्ड, म्हणजे जादूगार म्हणून खेळता येत नाही, कारण त्या जगात विझार्ड मोजकेच, त्याऐवजी लोर मास्टर, म्हणजे जुन्या विद्येचा जाणकार आहे. तुम्ही पुस्तकाचा नायक फ्रोडोच्या टोळीत पण नसता, ते लोक पुढे निघून गेलेले असतात आणि तुम्ही मागून ब्री, रिव्हेंडेल, मोरिया अशी पुस्तकातली ठिकाणं करत चालता, मधेमधे भेट होते. मोरियाचा भाग 2008 ला आला आणि गोष्टीतली ती अंगठी नष्ट व्हायला 2017 उजाडलं, गेम आल्यापासून दहा वर्षं! वर्षानुवर्षं एकत्र चालत आलेले लोक तेव्हा शत्रूच्या मुलखाच्या दारापाशी, ब्लॅक गेटपाशी पोचले, असं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी अनुभवलेलं नाही.

ग्राफिक्स जुने आहेत हे मान्य, मारामारी पण संथ वाटेल. ज्याला फक्त फास्ट फाइट हवीये त्याला हा रुचणार नाही. पण ओल्ड फॉरेस्ट नावाच्या जंगलात एकदा वाट चुकून बघा, नकाशा उघडूनही काही कळत नाही. किंवा संध्याकाळी ब्रीमध्ये जा, प्रान्सिंग पोनी या खाणावळीच्या बाहेर लोक ल्यूट, बासरी, ड्रम घेऊन खरोखरचा बँड वाजवत असतात, बाकीचे नाचतात. वेदरटॉप या टेकडीवर तर दरवर्षी खेळाडू स्वतःच संगीताचा मेळा भरवतात.

पैशाचं म्हणाल तर 2022 पासून हेल्म्स डीप या टप्प्यापर्यंतच्या क्वेस्ट, म्हणजे मोहिमा फुकट आहेत, रोज दोन तास खेळलात तरी कित्येक महिने पुरेल. पुढचं तेव्हा बघा. सर्व्हर निवडताना युरोपचा घ्या, मेरियाडॉक किंवा ऑर्क्रिस्ट, आपल्याकडून अमेरिकेपेक्षा पिंग, म्हणजे सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ, कमी येतो, मला तरी त्यात अडचण वाटली नाही.

पहिलं कॅरेक्टर हॉबिटच करा, आणि लेव्हल वाढवायची घाई करू नका. शायरमध्ये पाय (pie, म्हणजे आत सारण भरून भाजलेला खाऊ) पोचवायचं काम मिळतं, वाटेत भुकेले हॉबिट असतात, त्यांच्या नजरेतून वाचवत गावोगाव ते नेऊन द्यायचे, टपालाचं पण तसंच आहे, तिथे चौकस हॉबिट आडवे येतात. ते सगळं करा, पायी करा, घोडा घेऊ नका. मग बकलबरीच्या फेरीच्या (होडीच्या) धक्क्यावरून ब्रँडीवाइन नदी बघा आणि इथे येऊन सांगा कसं वाटलं, मी वाट बघतो.